पाच पायांचे बैल

आम्हाला हमाथहून हाकत आणलं
तेव्हा इथे गव्हाची शेतं होती
आणि मग्गनुब्बा नावाचं एक गाव, जे उठवायचं होतं.
राजाला नवी राजधानी हवी होती.
दूर-शर्रुकीन, शिपाई म्हणाला.
'दूर' म्हणजे त्यांच्या बोलीत कोट.
मला मात्र तो शब्द सरळच ऐकू आला.

दहा वर्षं विटा पाडल्या.
हदयान गारा तुडवायचा, मी साचा मारायचे,
आणि मोजायला मन्नू-की-अर्बेल,
ओल्या मातीच्या पाटीवर बोरूचे टोचे मारत,
कायम दाढ दुखत असल्यासारखा चेहरा.
भुसा कमी पडला की खालच्या आवाजात करवादायचा:
सगळ्या मुलखाचा भुसा ह्या भिंतीनं खाल्ला,
गाढवांनी काय माझा अंगरखा खायचा?

भिंत सोळा हजार दोनशे त्र्याऐंशी हात.
एक हात कमी नाही, एक जास्त नाही.
राजाच्या नावाचा आकडा तेवढा भरतो म्हणे.
माझ्या नावाचा कुणी काढला असता
तर एखादा ओटा झाला असता, टेकण्यापुरता.

तबीता तेव्हा तीन वर्षांची.
वाळत घातलेल्या विटांवरून पळाली,
एकीत पाऊल उमटलं, पाची बोटं.
हदयानने इकडेतिकडे पाहिलं
आणि ती वीट तोंड आत करून रचली,
राजाच्या शिक्क्याच्या विटांमध्ये.

मग नदीवरून बैल आले.
माणसाचं तोंड, गरुडाचे पंख, पाय पाच.
समोरून पाहावं तर उभे,
बाजूनं पाहावं तर चालू लागलेले.
एक तराफ्यासकट बुडाला.
बैलाची नोंद पाटीवर झाली.
दोर धरलेल्या सात जणांची नाही.

बिहीची रोपं आली, बदामाची आली,
मुळांना ओल्या चिंध्या गुंडाळून, बाळंतिणीसारखी जपत.
देव मिरवत आले.
आम्हाला माणशी एक मडकं जवाची दारू मिळाली.

वर्ष नीट सरलंही नव्हतं,
राजा डोंगरात लढायला गेला
आणि परत आली ती फक्त बातमी.
प्रेतसुद्धा सापडलं नाही.
मोठ्यानं कुणी बोललं नाही.
पुजारी तेवढे कुजबुजले,
मूठमाती न मिळालेला राजा भुकेला हिंडतो.
एवढी माती मळली आम्ही त्याच्या नावानं,
त्यातली मूठभर
तिथवर पोचायची राहिली.

नवा राजा इथे झोपायला तयार होईना.
शत्रू आला नाही. आग लागली नाही.
नुसत्या गाड्या भरल्या.
खुर्च्या, हस्तिदंत, आचारी, राण्या,
गवतात गुंडाळलेले देव.
बैल जड म्हणून राहिले.
आम्ही कुणाला आठवलो नाही म्हणून.

शेवटच्या गाडीवर मन्नू-की-अर्बेल चढला.
म्हणाला, निनवे बघ, ते काही पडायचं नाही,
तिथली भिंत ह्याच्या दुप्पट होणार.
मी म्हटलं, भुसा आहे ना पुरेसा?
पहिल्यांदाच हसला.
दाढ खरंच किडलेली होती.

त्याला आता चार वर्षं झाली.
राजाच्या बागेत यंदा बिही धरलीय.
कच्ची खाल्ली तर जीभ ताठरते,
म्हणून मी राखेत भाजते.
वास पार सिंहासनाच्या दालनात जातो,
तिथे आमच्या शेळ्या असतात.
हदयान कधीकधी भिंतीला हात लावत चालतो,
नेमकी कुठली वीट ते आता त्यालाही सांगता येत नाही.

तिन्हीसांजेला शेळ्या आत घेताना
बैल बाजूनं दिसतात, निघालेले.
तबीता त्यांनाही हाकारते,
चला, हुर्र, चला,
आणि धावत पुढे जाऊन बघते
कुठवर आले.